नाव मोठं, पण टेबल कुठलं?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी एम.कॉम. झाले आहे आणि इचलकरंजीत एका सीएंच्या ऑफिसात काम करते. जीएसटीचे रिटर्न, सूतगिरण्यांचं, यंत्रमागवाल्यांचं ऑडिट, असं सगळं. आता कंपन्यांची आणि शेअर बाजाराची माहिती जगभर विकणाऱ्या एका मोठ्या परदेशी कंपनीच्या नवी मुंबईतल्या ऑफिसातून ऑफर आली आहे. पद ‘रिसर्च अ‍ॅनालिस्ट – डेटा’, पगार वर्षाला सव्वाचार लाख. मामा म्हणतात, नाव रिसर्चचं आणि काम डेटा एंट्रीचं. मैत्रीण म्हणते, एवढं मोठं नाव बायोडेटावर लागतंय तर डोळे झाकून जा. आई-बाबांना रात्रपाळीची धास्ती आहे. बँकेच्या परीक्षेचा अभ्यासही चालू आहे. काय करू?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : जा, असंच मी सांगेन. पण सही करण्याआधी एचआरला फोन कर आणि स्पष्ट विचार, मला कुठल्या टेबलावर बसवणार? टेबल म्हणजे कुठल्या प्रकारची माहिती हाताळायची ते काम. या धंद्यात कंपनीच्या नावापेक्षा टेबल महत्त्वाचं. एकाच इमारतीत, एकाच पगारात दोन मुली लागतात. तीन वर्षांनी एकीला कुठलाही ताळेबंद उघडून त्यातली मेख सांगता येते आणि दुसरीला फक्त एका स्क्रीनवरचे सहा रकाने भरता येतात. मी या क्षेत्रात वीसेक वर्षं होते, आधी मुंबईत, मग पुण्यात, आणि बरीच वर्षं नव्या मुलांना शिकवणं हेच माझं काम होतं. त्यामुळे दोन्ही प्रकारच्या मुली मी जवळून पाहिल्या आहेत.

आधी या कंपन्या काय करतात ते बघू, म्हणजे मामांनाही सांगता येईल. मुंबईतल्या म्युच्युअल फंडाला किंवा लंडनच्या पेन्शन फंडाला हजारो कंपन्यांची दहा-दहा वर्षांची विक्री, नफा, कर्ज एकाच साच्यात हवं असतं, कारण त्याशिवाय एकीची दुसरीशी तुलना होत नाही. कंपन्या मात्र आपापल्या पद्धतीने हिशेब छापतात. ते वाचून, समजून एका साच्यात आणायचं आणि वर्गणी घेऊन विकायचं, हा हा धंदा. तो जुना आहे. 1850 साली आखेन आणि ब्रसेल्सच्या मध्ये तारेची लाइन तुटक होती, तेव्हा पॉल ज्युलियस रॉयटर यांनी कबुतरांकरवी बाजारभाव पोचवले होते. मायकल ब्लूमबर्ग यांनी 1981 मध्ये न्यूयॉर्कमध्ये कंपनी काढली. आपल्याकडे मुंबईत अर्थव्यवस्थेची आकडेवारी गोळा करणारी सीएमआयई 1976 पासून आणि रेटिंग देणारी क्रिसिल 1987 पासून आहे. आज मॉर्निंगस्टार, एमएससीआय, एस अँड पी, फॅक्टसेट अशा सगळ्यांची भारतात मोठाली ऑफिसं आहेत.

आता मामांचा मुद्दा. ते पूर्ण चूक नाहीत, पण त्यांनी 14 ऑगस्टची संध्याकाळ पाहिलेली नाही. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या नियमानुसार लिस्टेड कंपनीला तिमाही संपल्यापासून 45 दिवसांत निकाल द्यावा लागतो, वार्षिक निकालाला 60 दिवस मिळतात. म्हणून 14 ऑगस्ट, 14 नोव्हेंबर, 14 फेब्रुवारी आणि 30 मे या आमच्या धंद्यातल्या मोठ्या तारखा. मोठ्या कंपन्या आधीच मोकळ्या होतात. शेवटच्या दिवशी येतात त्या लहान कंपन्या, शेकड्यांनी, आणि त्यांची पीडीएफ असते वाकडी स्कॅन केलेली, शिक्का नेमका आकड्यावर मारलेला.

अशी एक पीडीएफ समोर आहे असं धर. विक्रीच्या रकान्यात 482.50 लिहिलंय. मागच्या तिमाहीत याच कंपनीचा आकडा होता 48,250. घाईत असलेला मुलगा 482.50 टाकून मोकळा होतो आणि कंपनीची विक्री एका रात्रीत शंभरावा हिस्सा झालेली दिसते. नीट वाचणारी मुलगी वरचा उजवा कोपरा बघते. तिथे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की आकडे आता लाखांऐवजी कोटींत आहेत. मग ती खालच्या टिपा वाचते. पाचव्या टिपेत असतं, की एक विभाग विकल्यामुळे मागच्या वर्षीचे आकडे नव्याने मांडले आहेत. म्हणजे आपल्याकडचा जुना आकडाही आता तुलनेला चालणार नाही. त्यानंतर ती ऑडिटरचा लिमिटेड रिव्ह्यू रिपोर्ट, म्हणजे मर्यादित तपासणीचा अहवाल, उघडते, कारण येणी वसूल होतील की नाही याबद्दल ऑडिटरने शंका नोंदवलेली असेल, तर ती तिथेच सापडते. हे सगळं पंधरा-वीस मिनिटांत. पुढची फाइल वाट बघत असते.

याला डेटा एंट्री म्हणायचं असेल तर म्हणावं. माझ्या मते ताळेबंद वाचायला शिकायची याहून चांगली शाळा नाही, कारण इथे रोज अस्सल कागद हातात पडतो आणि रोज वेगळ्या धंद्याचा पडतो. सकाळी साखर कारखाना, दुपारी बँक, संध्याकाळी औषध कंपनी. बँकेच्या हिशेबात कच्चा माल नसतो, एनपीए, म्हणजे थकलेलं कर्ज, असतो. साखरेचा साठा मार्चअखेर फुगलेला दिसतो, कारण गाळप नुकतंच आटपलेलं असतं. पुस्तकात हे वाचून डोक्यात राहत नाही, शंभर कंपन्या पाहिल्या की बसतं. आणि तू तर सूतगिरण्यांचं ऑडिट केलंस. मालाचा साठा गोदामात कसा मोजतात, जॉबवर्कला दिलेलं सूत कुणाच्या नावावर धरतात, हे तू डोळ्यांनी पाहिलंयस. तुझ्या शेजारी बसणाऱ्या बऱ्याच मुलांनी ते पाहिलेलं नसेल. हे भांडवल कमी समजू नकोस.

मला या कामात सगळ्यात जास्त आवडायचे ते क्लायंटचे प्रश्न. दुकानांची साखळी चालवणाऱ्या एका कंपनीबद्दल परदेशातल्या फंडाने विचारलं होतं, की तुमच्या पडद्यावर एवढं कर्ज दिसतं आणि कंपनी तर म्हणते आम्ही जवळपास कर्जमुक्त आहोत. कोण खोटं? खोटं कोणीच नव्हतं. एप्रिल 2019 पासून इंड एएस 116 हे हिशेबाचं नवं मानक लागू झालं आणि भाड्याने घेतलेल्या जागांचं पुढल्या वर्षांचं भाडं ताळेबंदात देणं म्हणून दिसू लागलं. आमच्या साच्यात ते एकूण कर्जात धरलं जायचं, कंपनी ते वेगळं ठेवायची. हे एका परिच्छेदात, समोरच्याला कमीपणा न वाटता लिहून कळवायचं. ज्या मुलीला असं उत्तर लिहिता येतं, ती पुढे क्रेडिट रेटिंगमध्ये, फंडात, बँकेच्या कर्ज विभागात कुठेही जाऊ शकते, आणि माझ्या हाताखालच्या कितीतरी जणी गेल्याही.

अडचण अशी, की हे शिकवायला कंपनी बांधलेली नाही. तिला हवा असतो तुझा वेग आणि अचूकता. काम तुकड्यांत वाटलेलं असतं. एका टेबलावर फक्त संचालकांची नावं आणि मानधन, दुसऱ्यावर फक्त भागधारकांची यादी, तिसऱ्यावर लाभांशाच्या तारखा. तुकडा लहान असेल तर तीन महिन्यांत हात बसतो आणि मग डोकं बंद पडतं. वर्षाच्या शेवटी अप्रेझलला फाइलींची संख्या आणि चुकांची टक्केवारी बघतात. सोप्या फाइली पटापट उचलणारा वर जातो, किचकट फाइल मनापासून सोडवणारा मागे राहतो. मला याचा राग तेव्हाही यायचा, आजही येतो. चांगला टीम लीड असेल तर तो अवघड फाइलींना जास्त वजन देतो. मुलाखतीत त्याच्याशी बोलायची संधी मिळाली तर नेमकं हेच विचार.

टेबलांबद्दल माझं मत सरळ आहे. कंपन्यांचे हिशेब, कर्जरोखे, कॉर्पोरेट अ‍ॅक्शन्स आणि इंडेक्स, यांतलं काहीही मिळालं तर घे. कॉर्पोरेट अ‍ॅक्शन्सचं, म्हणजे बोनस, लाभांश अशा कंपनीच्या निर्णयांच्या नोंदींचं टेबल दिसायला रुक्ष, पण फार शिकवतं. एकास एक बोनस दिला की हजार रुपयांचा शेअर एक्स-डेटला, म्हणजे ज्या दिवसापासून नव्या खरेदीदाराला तो बोनस मिळत नाही त्या दिवशी, पाचशेच्या आसपास उघडतो. मागच्या सगळ्या किमती त्याच प्रमाणात खाली आणल्या नाहीत तर आलेखात कंपनी बुडाल्यासारखी दिसते आणि शेअरमागचा नफाही चुकतो. इंडेक्सच्या, म्हणजे निर्देशांकाच्या, टेबलावर जबाबदारी मोठी. एमएससीआयसारख्या कंपनीचा निर्देशांक वर्षातून चारदा, फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये तपासला जातो, आणि त्यातून एखादी कंपनी आत-बाहेर झाली की त्या निर्देशांकामागे चालणारे फंड तिचे शेअर घेतात किंवा विकतात. संपर्क-पत्ते, नावं-हुद्दे जुळवणं असलं टेबल मिळत असेल तर तिथून हलायला किती महिन्यांनी अर्ज करता येतो ते विचार. बहुतेक ठिकाणी वर्ष-दीड वर्षानंतर कंपनीतल्या कंपनीत जागा बदलू देतात.

पगाराचं गणित आत्ताच मांड. सव्वाचार लाख हा सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुझ्यावरचा एकूण खर्च, झाला. त्यात दहा टक्के व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर अवलंबून मिळणारा भाग, असेल तर 42,500 बाजूला गेले. मूळ पगार महिना 15,000 धरला, तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ वर्षाला 21,600 आणि ग्रॅच्युइटी 4.81 टक्क्यांनी साडेआठ हजारांच्या वर, हे दोन्ही त्याच सव्वाचार लाखांत. विम्याचा हप्ताही त्यातच धरतात, आणि तुझ्या वाट्याचा पीएफ आणखी 21,600 कापला जातो. व्यवसाय कर गेला की महिन्याला हातात साडेसव्वीस हजारांच्या आसपास पडतील. ग्रॅच्युइटी साधारण पाच वर्षं टिकलीस तरच, हेही लक्षात ठेव. नवी मुंबईत तिघी-चौघींनी मिळून फ्लॅट घेतलात तर भागेल, घरी पाठवायला पहिल्या वर्षी फार उरणार नाही. इचलकरंजीत घरचं जेवण जेवून तू आज जे मिळवतेस त्याच्याशी ताडून बघ.

आई-बाबांची धास्ती रास्त आहे, तिला हसू नकोस. भारतीय कंपन्यांच्या टेबलावर बहुधा दिवसाचं काम असतं. युरोपचं टेबल असेल तर दुपारी एक ते रात्री दहाच्या सुमाराची शिफ्ट. अमेरिकेचा बाजार आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी 7 ला उघडतो आणि रात्री दीडला बंद होतो, हिवाळ्यात दोन्ही एक तास उशिरा. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि तिच्या सुरक्षिततेची, ने-आण करण्याची सोय मालकाने करायची असते. मोठ्या कंपन्या कॅब देतात. कॅब दारापर्यंत येते की नाक्यावर सोडते, गाडीत शेवटी उतरणारी मुलगी असेल तर सोबत गार्ड असतो का, एवढं विचारून घे आणि बाबांना सांग. सुट्ट्यांचंही घरी आधीच बोलून ठेव. दिवाळी आणि सप्टेंबर तिमाहीचे निकाल एकाच वेळी येतात, त्यामुळे दिवाळीची रजा पाळीपाळीने मिळते. गणपती मात्र 14 ऑगस्टनंतर येतात, ते बहुतेक पदरात पडतात.

मैत्रिणीच्या ‘मोठ्या नावा’बद्दल थोडं. या धंद्यात नावं फार बदलतात. 2008 मध्ये रॉयटर्स थॉमसनमध्ये गेली, 2018 मध्ये तिचा वित्तीय डेटाचा मोठा भाग रिफिनिटिव्ह झाला, 2021 मध्ये तो लंडन स्टॉक एक्स्चेंज ग्रुपने घेतला. 2022 मध्ये आयएचएस मार्किट एस अँड पी ग्लोबलमध्ये विलीन झाली. खुर्ची तीच, गळ्यातलं कार्ड दर काही वर्षांनी नवं. अशा विलीनीकरणात एकच काम करणारी दोन टेबलं समोरासमोर येतात आणि त्यातलं एक बंद होतं. जे टिकतात ते कामामुळे टिकतात.

बँकेची परीक्षा सोडू नकोस, पण निकालाच्या हंगामात अभ्यास होणार नाही हे धरून चाल. मला विचारशील तर पहिलं वर्ष कामाला दे, दुसऱ्या वर्षी सीएफए या गुंतवणूक विश्लेषणाच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेची पहिली पायरी द्यायचा विचार कर. पास झाल्यावर फी परत देणाऱ्या कंपन्या आहेत, तुझी देते का ते ऑफर लेटरसोबतच्या कागदांत बघ. आणि रोज आपला तुकडा संपला की त्याच पीडीएफची उरलेली पानं वाच. वेळ नसतो हे मला माहीत आहे. तरी एखादी तरी वाच.

प्रश्न : माझा मुलगा अशाच एका डेटा कंपनीत आहे. दिवसभर कंपन्यांचे आकडे बघतो, पण मला एकही शेअर सांगत नाही. उलट माझ्या डीमॅट खात्याची माहिती ऑफिसला द्यायला हवी म्हणतो. त्याला आधी कळतं, तर घरच्यांचा फायदा केला तर बिघडलं काय?
— निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : सर, तुमचा मुलगा योग्य वागतोय आणि तुम्ही त्याच्या पाठीशी उभं राहावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. पहिली गोष्ट, त्याला बहुतेक आकडे तुमच्यापेक्षा आधी कळतच नाहीत. कंपनी निकाल बीएसई-एनएसईला कळवते, तो जगाला दिसतो, मग याच्या टेबलावर येतो. पण याच इमारतींत रेटिंगची, निर्देशांकाची माणसंही बसतात, आणि त्यांच्याकडे खरोखर न फुटलेली बातमी असते. म्हणून त्यांचे मजले वेगळे, कार्डं वेगळी, आणि सगळ्यांनाच कडक नियम. शेअर घेण्याआधी परवानगी, ठरावीक काळ विकायला बंदी, आणि स्वतःच्या तसंच घरातल्या जवळच्या माणसांच्या खात्यांची माहिती ऑफिसात. सेबीचे इनसायडर ट्रेडिंगचे, म्हणजे आतली बातमी वापरून केलेल्या व्यवहारांबद्दलचे, 2015 चे नियम तर आहेतच, ते नुसत्या नोकरदारालाच नाही, त्याच्याकडून बातमी घेऊन व्यवहार करणाऱ्यालाही लागतात. तुमच्या दहा-वीस हजारांच्या फायद्यासाठी त्याची नोकरी जाईल आणि पुढे या क्षेत्रात कुणी उभं करणार नाही.

त्याच्याकडून घेण्यासारखं दुसरं पुष्कळ आहे. तुमच्याकडे जे शेअर आधीपासून असतील त्यांचा वार्षिक अहवाल कसा वाचायचा ते त्याला विचारा. रोख प्रवाहाचं पत्रक आणि ऑडिटरचा अहवाल एवढं जरी त्याने समजावलं तरी पुष्कळ झालं. शिकवण्याआधी एवढं मात्र त्याने ऑफिसच्या नियमांत बसतं का ते बघून घ्यावं.

प्रश्न : पुण्यातल्या एका डेटा कंपनीत नऊ वर्षं झाली, टीम लीड आहे. वय 34, घराचं कर्ज चालू. टीम बावीस जणांची होती, आता नऊ उरले. निकालाचे आकडे सॉफ्टवेअर स्वतः उचलतं, आम्ही नुसते तपासतो. नोटीस पिरियड तीन महिन्यांचा. आत्ता बाहेर पडावं का?
— नाव छापू नये, पुणे

उत्तर : बाहेर पडायची तयारी आजपासून करा, राजीनामा आज देऊ नका. आकडे टंकणारी खुर्ची परत येणार नाही, हे तुम्हाला दिसतंच आहे. कंपन्यांचे निकाल आता एक्सबीआरएलमध्येही येतात, म्हणजे प्रत्येक आकड्याला आधीच लेबल चिकटवलेलं असतं. तिथे माणूस लावायला कुणी तयार होणार नाही.

यंत्र अडखळतं ते टिपांमध्ये. एकवेळचा नफा कुठल्या ओळीत लपवलाय, उपकंपनी विकली की फक्त हिस्सा कमी केला, स्टँडअलोन (एकट्या कंपनीच्या) आणि कन्सॉलिडेटेड (उपकंपन्यांसह) आकड्यांमध्ये एवढी तफावत का, याला वाचणारा माणूस लागतो. तुमच्या टीमने गेल्या चार तिमाहींत सॉफ्टवेअरच्या ज्या चुका पकडल्या त्यांची प्रकारानुसार नोंद काढा. या नोंदीवर तुम्ही कंपनीतच नियम ठरवणाऱ्या टीमकडे, म्हणजे मेथडॉलॉजीकडे, अर्ज करू शकता. सॉफ्टवेअर कुठे चुकतं हे तुमच्याइतकं नेमकं सांगणारे तिथे थोडेच असतात. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, येत नसेल तर या तिमाहीतच शिका. डेटा आपल्या हाताने काढून तपासता आला पाहिजे, दर वेळी दुसऱ्या टीमची वाट बघून चालणार नाही. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा त्यानंतर.

बाहेर बघायचं तर बँकांचे आणि एनबीएफसींचे (बँक नसलेल्या वित्तकंपन्यांचे) कर्ज विभाग, रेटिंग संस्था, संपत्ती व्यवस्थापन कंपन्या. संशोधनाकडे वळायचं असेल तर सेबीने स्थापन केलेल्या एनआयएसएम या संस्थेची रिसर्च अ‍ॅनालिस्टची परीक्षा द्या, तुमच्या अनुभवाला ती जड नाही. मुलाखतीत ‘नऊ वर्षं टीम सांभाळली’ एवढ्यावर थांबू नका. एखाद्या कंपनीचा ताळेबंद सोबत घेऊन जा आणि त्यात काय खटकलं ते सांगा.

आणि पैशांचं. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवल्याशिवाय हलू नका. तीन महिन्यांच्या नोटीसमुळे काही ठिकाणं तुम्हाला नाकारतील, म्हणून उरलेली रजा त्यात वळती करता येते का आणि पैसे भरून नोटीसचा काळ कमी करता येतो का, हे नेमणूकपत्रात आजच पाहून ठेवा. कंपनीने स्वतःहून जायला सांगितलं तर हातात ठेवलेल्या कागदावर त्याच दिवशी सही करू नका. घरी आणा, शांतपणे वाचा, कामगार कायद्याची माहिती असलेल्या वकिलाला दाखवा.